बाई कप्तान आणि तिचा गोतावळा: मुलांसाठी चाच्यांची साहसी चित्रकथा कशी बांधावी

मुलांच्या चित्रकथांचे कच्चे खर्डे वाचण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. चाच्यांच्या गोष्टी त्यात नेहमीच असतात आणि हल्ली जहाजावर कप्तान म्हणून बाई असते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या खर्ड्यांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. सहाव्या पानावर कुणीतरी हात पसरून म्हणतं, ‘आता आपण सगळे एक कुटुंब आहोत!’ तोपर्यंत त्या माणसांनी एकमेकांसाठी काडीचंही काम केलेलं नसतं. मूल ते वाक्य वाचतं, पान उलटतं, आणि त्याच्या मनात काहीही हलत नाही.

मानलेलं कुटुंब सांगून होत नाही. ते कामातून होतं, देण्याघेण्यातून होतं, रोज कोण कुणाच्या शेजारी बसतं यातून होतं. चित्रकथेत तर ते डोळ्यांना दिसावं लागतं. म्हणून इथे क्रमाला फार महत्त्व आहे: आधी माणसं, मग त्यांचे नियम, मग जहाज, मग प्रसंग, मग पानांची मांडणी आणि अगदी शेवटी संवाद. बहुतेकजण टोपी आणि तलवारीपासून सुरुवात करतात, लगेच संवाद लिहितात आणि माणसं मागाहून भरतात. तिथेच गोष्ट फसते.

पुढचं सगळं आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी, २४ पानांची एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

सुरू करण्याआधी

एक वही, पेन्सिल, स्टिकी नोट्सचा गठ्ठा आणि पाठकोऱ्या कागदांची थप्पी एवढं पुरे. टॅबलेट सहाव्या टप्प्यापर्यंत बंद ठेवा. स्क्रीनवर काम सुरू केलं की पहिल्याच दिवशी कप्तानाच्या केसांची छटा निवडण्यात तीन तास जातात आणि ती कोण आहे हे ठरतच नाही.

तीन गोष्टी आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पहिली, पानं. मध्ये पिना मारलेली पुस्तिका दुमडलेल्या कागदांची असते, म्हणून तिची पानं चारच्या पटीत येतात. २२ पानांची गोष्ट लिहून बसलात तर शेवटी दोन पानं कोरी राहतील किंवा घाईने भरावी लागतील.

दुसरी, हिंसेची रेघ. तुमच्या गोष्टीत कुणी मरतं का? रक्त दिसतं का? उत्तर काहीही असो, एका वाक्यात लिहा आणि शेवटपर्यंत पाळा. पंधरा पानं हसतखेळत गेल्यावर सोळाव्या पानावर गळा चिरलेला दाखवला तर मुलाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

तिसरी, शब्द. ‘चाचे’ हे अनेकवचन मुलांना चालतं, पण ‘चाची’ म्हटलं की त्यांना काकू आठवते. मी बाईलाही सरळ ‘कप्तान’च म्हणते. ‘कप्तानीण’ लिहिलं की ती कप्तानाची बायको वाटते.

टप्पा १: खलाशांची वही

मुख्य पात्रं पाचच ठेवा. सहावं आलं की मुलं चेहरे विसरायला लागतात. प्रत्येकाला वहीचं एक पान द्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: जहाजावरचं काम, झोपायची जागा, मागे काय सोडून आला किंवा आली, कुणाचं देणं आहे, कुणाकडून येणं आहे.

नमुना म्हणून मी एक जहाज घेते. कप्तान इरा. शिडं शिवणारी म्हातारी आक्का. आचारी भिवा. लुटीचे वाटे करणारा, हिशेबाला पक्का दाजी. आणि दहा वर्षांची चिमी, जी पहिल्या पानावर या जहाजावर नको असलेली पाहुणी म्हणून येते.

आक्काचं पान असं भरेल. काम: फाटलेली शिडं शिवणं. झोपायची जागा: शिडांच्या गुंडाळ्यांवर, कारण पाठीला तेच मऊ लागतं. मागे सोडलं: लेकाशी भांडण झालं, तो जिवंत आहे, पण बोलत नाही. देणं: भिवाने तिला तापात सांभाळलं होतं. येणं: इराला सुईदोरा धरायला तिनेच शिकवलं.

आता तिच्या कामाकडे जवळून बघा, कारण गोष्ट तिथेच सापडते. शिडाचं कापड जाड असतं, त्याला साधी सुई लागत नाही, दाभण लागतो. तो रेटायला तळहातावर चामड्याचा पट्टा बांधतात. दोऱ्याला मेण चोळतात, म्हणजे तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. आणि म्हातारपणी नजर गेली की सगळ्यात आधी जमेनासं होतं ते दोरा ओवणं. झालं, चिमीला काम मिळालं. आक्काला दोरा ओवून द्यायचा. एवढ्याशा कामावर आपण पुढे पूर्ण पुस्तक उभं करणार आहोत.

सावधान: सगळ्यांना अनाथ करू नका. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात पोकळ वाट आहे. कुणालाच कुणी नसेल तर एकत्र राहण्यात निवड उरत नाही. एखादा अनाथ असू दे, बाकीच्यांना जिवंत घरं द्या: भांडलेली, दूरची, विसरलेली, किंवा चांगली असूनही सोडावी लागलेली.

तपासणी: प्रत्येक पान आळीपाळीने झाका आणि विचारा, हा माणूस उद्या नसेल तर कुणाचं कुठलं काम अडेल? कुणाचंच अडत नसेल तर तो अजून शोभेचा आहे.

टप्पा २: कप्तान कप्तान कशी झाली

‘ती फार शूर होती’ हे उत्तर चालणार नाही. बाई जहाजावर कशी आली, हुकूम कशी देऊ लागली, याच्या खऱ्या वाटा वेगवेगळ्या होत्या आणि प्रत्येक वाटेतून वेगळं कुटुंब तयार होतं. एकच निवडा.

एक वाट वारशाची. आयर्लंडची ग्रेस ओमॅली दर्यावर्दी घराण्यातच जन्मली. १५९३ साली ती राणी एलिझाबेथला भेटायला गेली, त्यामागे कैदेत पडलेला मुलगा आणि सावत्र भाऊ यांना सोडवण्याची धडपड होती. अशा कप्तानाकडे रक्ताचं कुटुंब आधीच असतं. तिच्या गोष्टीत प्रश्न असा पडतो की बाहेरून आलेल्याला जागा मिळेल का?

दुसरी वाट निसटत्या सत्तेची. दक्षिण चीनच्या समुद्रावर झेंग यी हा चाच्यांचा म्होरक्या १८०७ साली वारला. त्याच्या बायकोने तो प्रचंड ताफा विखरू दिला नाही. त्यासाठी तिने हाताशी धरला झांग बाव. हा कोळ्याचा मुलगा, चाच्यांनी पकडून आणलेला आणि पुढे झेंग यीने दत्तक घेतलेला. १८१० साली तिने सरकारशी बोलणी करून माघार घेतली. पकडून आणलेलं पोर वारस होतं, म्हणजे मानलेलं नातं इथे थेट सत्तेचा आधार आहे. मात्र पुढे तिने याच दत्तक मुलाशी लग्न केलं. लहान मुलांच्या पुस्तकासाठी या वाटेवरून प्रेरणा घ्या, चरित्र जसंच्या तसं उचलू नका.

तिसरी वाट वेषांतराची. मेरी रीड लहानपणापासून मुलगा म्हणून वाढली, असं १७२४ साली लंडनमध्ये छापलेल्या चाच्यांच्या चरित्रसंग्रहात म्हटलं आहे. ही वाट मुलांना फार आवडते, पण मराठीत ती अवघड आहे. आपलं क्रियापदच गुपित फोडतं. ‘मी आलो’ की ‘मी आले’? वेषांतर केलेल्या पात्राचं प्रत्येक वाक्य तपासावं लागतं, आणि निवेदनात ‘तो’ लिहायचं की ‘ती’ हेही पहिल्या पानाआधी ठरवावं लागतं. अडचणीचाच फायदा घ्या: झोपेत, तापात किंवा भीतीत निसटलेलं एकच ‘आले’ सगळं उघडं पाडू शकतं. असा क्षण अख्ख्या पुस्तकात एकदाच वापरायचा.

सावधान: कप्तानाला सगळं येऊ देऊ नका. इराला शिडं कळतात, वारा कळतो, पण हिशेब कळत नाही, म्हणून दाजीशिवाय तिचं पान हलत नाही. ज्या कप्तानाला कुणाचीच गरज नाही, तिच्याभोवती कुटुंब जमत नाही, फक्त प्रेक्षक जमतात.

टप्पा ३: जहाजाचे नियम

हा टप्पा लोक सरळ गाळतात आणि मग गोष्टीत भांडण कशावरून लावायचं ते सुचत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिकवरच्या चाच्यांमध्ये लेखी करार असत. त्यांतल्याच बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या कप्तानाच्या जहाजावरचे नियम छापील रूपात आपल्यापर्यंत आले आहेत. महत्त्वाच्या बाबतीत प्रत्येकाला एक मत. रात्री आठला दिवे बंद. लढाईत हातपाय गमावणाऱ्याला सामायिक निधीतून आठशे नाणी. वाजंत्र्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी. कप्तानाला दोन वाटे. आणि एक नियम असा, की जहाजावर बाई किंवा लहान मुलगा आणायचा नाही.

हा शेवटचा नियम वाचून पुस्तक मिटू नका. तुमची गोष्ट तिथूनच सुरू होऊ शकते. इराच्या जहाजाने तो नियम खोडला आहे आणि खोडल्याची रेघ अजून दिसते आहे, हे चित्रच किती बोलकं आहे!

तुमच्या जहाजाचे पाच ते सात नियम लिहा. त्यांतला एक सोयीचा, एक विचित्र, एक अन्यायाचा असू दे. मग ठरवा की कुठला नियम मोडला जाणार आणि कुणासाठी. आमच्या जहाजावर नियम आहे: ‘ज्याचा वाटा नाही, त्याला मत नाही.’ चिमीला वाटा नाही. सतराव्या पानावर तिला एका बंदरात उतरवून द्यायचं का, यावर मत घेतलं जाणार आहे, आणि तिला हात वर करता येणार नाही.

तपासणी: नियम मोठ्याने वाचा. घरात मुलांना सांगितल्या जाणाऱ्या नियमांसारखा एकतरी वाटला पाहिजे. मुलं अन्याय फार पटकन ओळखतात.

टप्पा ४: जहाजाचा नकाशा

एका मोठ्या कागदावर जहाज वरून आणि बाजूने काढा. चूल कुठे, पाण्याची पिंपं कुठे, कोण कुठे झोपतं, शिडी कुठून खाली उतरते. पाच माणसांच्या गोष्टीला तीन डोलकाठ्यांचं प्रचंड जहाज घेऊ नका, ते चालवायला माणसं पुरणार नाहीत. एका डोलकाठीचं स्लूप घ्या. रॅकम या चाच्यांच्या कप्तानाच्या टोळीतल्या अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड १७२० साली पकडल्या गेल्या तेव्हा अशाच छोट्या स्लूपवर होत्या. छोट्या जहाजाचा दुसरा फायदा म्हणजे भांडण झालं तरी कुणाला लांब जाता येत नाही.

खर्ड्यांत हमखास सापडणाऱ्या चित्रांतल्या चुका अशा:

- शीड पुढे फुगलेलं आणि झेंडा मागे फडकणारा. वारा मागून येत असेल तर झेंडाही पुढेच उडणार.
- वारा थेट समोरून आणि जहाज सरळ पुढे. शिडाचं जहाज तसं जाऊ शकत नाही, त्याला नागमोडी वाट काढावी लागते.
- छोट्या स्लूपवर मोठं गोल चाक. चाकं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या जहाजांवर यायला लागली. लहान जहाजावर सुकाणूचा लांब दांडा काढा. दोघींनी मिळून तो दांडा रेटण्यात चाकापेक्षा जास्त जवळीक दिसते.
- सोळाव्या शतकातल्या कप्तानाच्या हातात दुर्बीण. दुर्बिणीची पहिली पक्की नोंद १६०८ सालची आहे.
- उंच टाचा आणि घट्ट कंबरपट्टा. बॉनी आणि रीडच्या खटल्यात एका साक्षीदार बाईने त्यांचा वेष सांगितला होता: पुरुषी जाकिटं, लांब विजारी, डोक्याला बांधलेले रुमाल. दोरांवर चढायचं असेल तर हेच कपडे सोयीचे.

ती साक्षीदार कोण होती? याच टोळीने लुटलेली बाई. हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या गोष्टीत चाचे कुणाला लुटतात, त्या माणसाला निदान एक चौकट द्या आणि त्याचा चेहरा काढा. मुलं विचारतातच, ‘पण त्या माणसाचं काय झालं?’ त्याचं उत्तर तुमच्या वहीत असू दे.

टप्पा ५: चार पायऱ्या

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, इथे घाई करू नका. परकं माणूस आपलं होताना चार पायऱ्या चढतं: परकं, कामाचं, देण्याघेण्याचं, आपलं. पायरी गाळली तर मुलाला ते लगेच कळतं, भले सांगता येत नसलं तरी. २४ पानांत मी साधारण अशी वाटणी करते: पहिली पाच पानं परकेपणाची, सहा ते अकरा कामाची, बारा ते अठरा देण्याघेण्याची, उरलेली आपलेपणाची.

या चार पायऱ्यांवरून एकच छोटी कृती पुन्हा पुन्हा चालवा. आमची कृती म्हणजे आक्काचा दोरा.

सातवं पान. आक्का दाभण पुढे करते आणि म्हणते, ‘ए पोरी, ओव.’ चिमी तोंड वाकडं करून ओवते. तिच्या मनात फक्त पळून जाण्याचा विचार आहे.

तेरावं पान. वादळाची चाहूल, सगळे घाईत. आक्काचा दोरा संपतो. ती काही बोलायच्या आधीच चिमीने नवा दोरा ओठांत ओला करून, ओवून, हातात ठेवलेला. संवाद नाही. आक्का तिच्याकडे बघतही नाही, कारण तिला आता हे अपेक्षितच आहे. हे न बघणं नीट काढा, तिथेच नातं आहे.

एकोणिसावं पान. चिमी जहाजावर नाही, मत तिच्या विरुद्ध गेलं आहे. आक्का शिवता शिवता सवयीने दाभण बाजूला धरते. चौकटीत फक्त तो हात, दाभण आणि रिकामी जागा. हात तसाच थांबलेला.

मी हे पान एका वर्गात दाखवलं तेव्हा एक मुलगी काही न बोलता मागची पानं उलटून सातव्या पानावर गेली आणि तिथे बोट ठेवून बसली. तिला कुणी ‘कुटुंब’ हा शब्द सांगितला नव्हता. संपूर्ण पुस्तकात तो कुठेही नाही.

कृती निवडताना तीन गोष्टी बघा. ती हाताने करायची असावी, म्हणजे काढता येते. रोजची असावी, म्हणजे तिची पुनरावृत्ती खोटी वाटत नाही. आणि तिला दोन माणसं लागावीत. जीव वाचवणं या कसोटीला उतरत नाही, कारण ते रोज होत नाही. कड्यावरून लोंबकळणाऱ्याला वर ओढणं रोमांचक असतं, पण त्यातून कृतज्ञता तयार होते, सवय नाही. कुटुंबाला सवय लागते.

रक्ताचं कुटुंब परत येणार असेल तर ते तिसऱ्या पायरीच्या शेवटी आणा, त्याआधी नाही. आणि ते दुष्ट काढू नका. चिमीचा मामा तिला न्यायला येतो तेव्हा तो भला माणूस असू दे. तिने निवड करायची तर दोन्ही पारड्यांत वजन हवं.

सावधान: चौथ्या पायरीवर सगळे एकमेकांना मिठ्या मारतात असं पान आलंच तर ते खोडून बघा. बहुतेक वेळा गोष्ट त्यामुळे सुधारते.

तपासणी: स्टिकी नोट्सवर प्रसंग लिहून भिंतीवर चार रांगांत लावा. एखादी रांग रिकामी किंवा एकाच नोटची असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ६: पानांचे छोटे खर्डे

आता काढायला बसा, पण काडेपेटीएवढ्या आकारात. पूर्ण पुस्तक आधी छोट्या चौकोनांत उभं करायचं.

पुस्तिकेत पहिलं पान उजवीकडे येतं, दुसरं आणि तिसरं समोरासमोर. म्हणजे पान उलटल्यावर डोळा सम आकड्याच्या पानावर पडतो. चकित करणारी गोष्ट तिथेच ठेवा. ती विषम पानावर आली तर मूल समोरच्या पानावर असतानाच तिरक्या नजरेने ती बघून घेतं. आक्काचा थांबलेला हात मी आधी एकोणिसाव्यावर ठेवला होता. छोटे खर्डे काढल्यावर तो विसाव्या पानावर सरकवला आणि एकोणिसाव्यावर समुद्रात लहान होत जाणारी होडी आली. असे बदल या टप्प्यावर पाच मिनिटांत होतात, रंग भरल्यावर नाही. फोनवर खाली सरकवत वाचायची चित्रकथा असेल तर पान उलटणं नसतं, तिथे दोन चौकटींमधली मोकळी जागा वाढवून तेच काम करून घ्या.

एका पानावर चार-पाच चौकटी पुरेत. आणि जेवणाचं एक दृश्य तीनदा, त्याच कोनातून, त्याच मापात काढा. पहिल्या वेळी चिमी चौकटीच्या कडेला, कठड्याला पाठ लावून. दुसऱ्या वेळी भिवाच्या शेजारी, पण मध्ये भांडं. तिसऱ्या वेळी सगळ्यांच्या मध्ये आणि तिचं ताट दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर. कोन बदलू नका. कोन तोच राहिला तरच फरक दिसतो.

तपासणी: शब्द न लिहिलेले छोटे खर्डे कुणालातरी दाखवा आणि विचारा, कुणाला कोण आवडतं? उत्तर चुकलं तर संवाद लिहून ते दुरुस्त करायचा मोह आवरा. चित्र बदला.

टप्पा ७: संवाद

फुग्यात पंधरा-वीस शब्दांपलीकडे जाऊ नका आणि चित्रात दिसतं ते पुन्हा बोलू नका.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती इथे एक मोठं साधन आहे आणि बहुतेकजण ते वाया घालवतात. ते म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. ताई, मावशी, काका ही हाक आपण अनोळखी माणसालाही मारतो, त्यामुळे चिमीने इराला ‘ताई’ म्हटलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं, त्याला खरी हिंमत लागते.

वहीत एक तक्ता करा: कोण कुणाला अरे-तुरे करतं, कोण कुणाला अहो-जाहो. चिमी सुरुवातीला इराला ‘तुम्ही’ म्हणते. तिसऱ्या पानावर, ‘तुमचं जहाज कुठं चाललंय?’ चौदाव्यावर काळजी आली आहे, पण अंतर तसंच: ‘तुम्ही जेवला नाहीत.’ बाविसाव्यावर डोलकाठी मोडते आहे, इरा वर अडकली आहे, आणि चिमी ओरडते, ‘कप्तान, तू खाली ये!’ हुद्दा तोच, सर्वनाम बदललं. यावर कुणी काही बोलायचं नाही. इराने चमकून बघायचं नाही, निवेदनात उल्लेख नाही. ज्याला ऐकू आलं त्याला आलं.

हा बदल एकदाच आणि एकाच जोडीत करा. दाजी इराला शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणू दे, काही घरांत मान हीच माया असते. आणि रागावर उलटा उपयोग करा. चिमीने चोरून दारूगोळ्याचं पिंप उघडल्यावर इरा एरवीचं ‘तू’ सोडते: ‘झालं का बाईसाहेबांचं समाधान? आता वर या.’ असं अहो-जाहो प्रत्येक मुलाने घरी ऐकलेलं असतं, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आवाजाचे शब्द आपलेच वापरा. शिडाची फडफड, साखळीची खडखड, दोरांची करकर, पाण्यात पडलेल्या माणसाचा धबाक. आणि ‘कुटुंब’, ‘घर’, ‘आपली माणसं’ हे शब्द खर्ड्यात शोधून त्यांच्याभोवती लाल गोल करा. प्रत्येक गोल काढून टाकल्यावर पान लंगडं पडतं का बघा. पडत असेल तर तुमची चित्रं अजून काम करत नाहीत.

टप्पा ८: अक्षरं

देवनागरीला उभी जागा जास्त लागते: वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. रोमन अक्षरांच्या मापाने फुगा काढला की ओळी एकमेकींत घुसतात. म्हणून मजकूर आधी बसवा, फुगा त्याभोवती काढा, आणि छोट्या खर्ड्यातच त्याची जागा राखा. हस्ताक्षरासारख्या वळणाचा ‘कलम’ हा मुक्त फॉन्ट फुग्यांना बरा दिसतो. कुठलाही घेतलात तरी त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत का ते बघा.

मग रफार आणि अर्धा र तपासा. चाच्यांच्या गोष्टीत ही चूक फार महागात पडते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हणजे भिवा येईल, ‘आचार्याला बोलवा’ म्हणजे गुरुजी येतील. काही सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवताना हे जोडाक्षर मोडतं, त्यामुळे छपाईला देण्याआधी शेवटच्या फाइलमध्ये, मोठं करून, एकेक फुगा वाचा.

टप्पा ९: मुलांकडून तपासणी

मोठ्यांना दाखवून उपयोग नाही, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतात. वाचकांच्या वयाची चार-पाच मुलं गाठा आणि प्रत्येकाला एकट्याने वाचू द्या. वाचताना प्रश्न विचारू नका, फक्त कुठल्या पानावर ती थांबतात, कुठून मागे जातात, कुठे भराभर उलटतात ते टिपून ठेवा.

वाचून झालं की ‘गोष्ट आवडली का?’ असं विचारू नका. जहाजाचा रिकामा नकाशा पुढे ठेवा, पाचही माणसांची कापलेली छोटी चित्रं द्या आणि म्हणा, रात्र झाली आहे, प्रत्येकाला झोपव. बहुतेक मुलं भिवाला चुलीपाशी आणि इराला सुकाणूजवळ ठेवतात. चिमीचं चित्र कुठे जातं ते बघा. शिडांच्या गुंडाळ्यांवर, आक्काच्या शेजारी गेलं तर काम झालं आहे. ते मुलाच्या हातातच राहिलं, किंवा कठड्यापाशी एकटं पडलं, तर त्याला विचारा की तिथे का, उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, आणि टप्पा पाचच्या भिंतीकडे परत जा.